आबांचा हललेला फोटो

मागच्या रविवारी आबा आमच्यावर भडकले. कारण काय, तर आम्ही त्यांच्या फोटोचं कौतुक केलं...

आमचा अड्डा ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. द्वारका चौकाजवळ शिरीषशेठच्या तांदळाच्या गोदामावर एक खोली आहे. दर रविवारी सकाळी आम्ही पाच-सात हौशी फोटोग्राफर तिथे जमतो आणि एकमेकांच्या फोटोंना नावं ठेवतो. ज्याची प्रिंट टेबलावर असेल, त्याने सगळ्यांचं बोलून होईपर्यंत मौन पाळायचं, एवढाच नियम.

खंडन उरकलं की कॅमेऱ्याचे सल्ले. फिल्मच बरी की आता डिजिटल, लेन्स कुठली, बॅग कुठली... विचारतो एक, सांगतात सगळे आणि विकत कोणीच काही घेत नाही. अपवाद शिरीषशेठचा. ते सगळंच घेतात, फोटो तेवढे काढायचे राहतात.

आबा आमच्यातले सगळ्यात तिखट परीक्षक. मखमलाबादकडे त्यांचा गुलाबाचा मळा आहे. माझा एक लाडका फोटो पाहून ते म्हणाले होते, "पंडित, ह्यात बघायचं काय, ते खाली लिहून देत जा." (मी शाळेत संस्कृत शिकवतो, म्हणून पंडित.)

दिवाळीपासून आबांचा उजवा हात थरथरतो. औषधं चालू आहेत, पण चहाचा कप ते आता दोन्ही हातांनी धरतात. त्या वेळी आम्हा सगळ्यांना खिडकीबाहेरच्या रहदारीत अचानक फार रस वाटू लागतो...

तर त्या रविवारी आबांनी प्रिंट ठेवली. पहाटेचा फूलबाजार, काकू, म्हणजे आबांची बायको, गुलाबांच्या जुड्या बांधताहेत. काकूंचं नाक कुठे संपतं आणि गाल कुठे सुरू होतो, हे सांगता येऊ नये इतका फोटो हललेला.

मी म्हणालो, "वातावरण छान आलंय." शिरीषशेठ म्हणाले, "हललेल्या फोटोची एक वेगळीच मजा असते हो." बाकीच्यांनी माना डोलावल्या.

आबांनी मौन मोडलं. "मी मेलो का? मयताला आल्यासारखं गोड बोलायला लागले सगळे!"

त्यांनी गळ्यातला कॅमेरा काढला आणि टेबलावर पुढे सरकवला. "घरी पोरं चांगलंच म्हणतात. डॉक्टर चांगलं म्हणतो. इथं तरी खरं ऐकायला मिळतं म्हणून येतो मी. ते बी नाय, तर मग शेठ, ह्याला गिऱ्हाईक बघा."

ते चेष्टा करत नव्हते. त्यांनी कॅमेऱ्याचा पट्टासुद्धा नीट गुंडाळून ठेवला होता...

मी प्रिंट पुन्हा उचलली. या वेळी खरोखर पाहिली, परीक्षेचा पेपर तपासावा तशी.

"आबा, फोटो हललाय," मी म्हणालो. "पण हात दगडासारखा स्थिर असता तरी मी हा नापासच केला असता. अर्धा फोटो वरच्या पत्र्याने खाल्लाय. काकू ज्या जुड्या बांधताहेत, त्याच खाली कापल्यात. आणि काकूंच्या डोक्यातून विजेचा खांब उगवलाय, तो तुम्हाला दिसला नाही?"

आबांनी चष्मा सारखा केला आणि प्रिंट डोळ्यांजवळ नेली. "खांब... खरंच की! आणि पत्रा बी लय आलाय." मग अगदी खुशीत म्हणाले, "अजून?"

मग काय, सगळेच सुटले. त्या ओघात हाताचा विषयही उघडपणे निघाला. ट्रायपॉड घ्या, पण बाजारच्या गर्दीत त्याला अडखळून कोणीतरी पडायचं... जास्त स्पीडची फिल्म घाला, पण मग फोटोत कण दिसतात... शेवटी शिरीषशेठ खाली गेले आणि कापडी पिशवीत इंद्रायणी तांदूळ भरून, तिचं तोंड शिवून घेऊन आले. कॅमेरा हवेत धरायचाच नाही, या पिशवीवर टेकवायचा. शेठनी दिलेला बिनलेन्सचा हा पहिलाच सल्ला.

टेबलावरचा कॅमेरा आबांनी कधी पुन्हा गळ्यात घातला, ते कोणाच्या लक्षातही आलं नाही.

आज सकाळी त्यांनी नवी प्रिंट ठेवली. फुलांच्या पाटीवर पिशवी आणि पिशवीवर कॅमेरा ठेवून काढलेली. काकूंच्या कपाळावरची आठी न् आठी स्पष्ट... नवऱ्याने ऐन धंद्याच्या वेळी पाटी अडवल्याचा वैताग त्यात पुरता उतरलाय. मी दोन चुका काढल्या. आबांनी एक मान्य केली, दुसरीवरून कडाकडा भांडले आणि मग माझी प्रिंट पुढे ओढून तिचा भरपूर समाचार घेतला.

घरी येताना वाटलं... एखाद्याला त्याची चूक दाखवायची, म्हणजे तो पुढचा फोटो काढणार आहे आणि तो याहून बरा असणार आहे, हे धरून चालायचं. माझ्या बाबतीत आबा इतकी वर्षं हे धरून चाललेत, तेही फारसा पुरावा नसताना.

आभार तोंडावर मानणं आम्हा दोघांनाही जमायचं नाही. म्हणून इथे लिहून ठेवतो.