अरुंधती कुठल्या अंगाला?

आमच्या खाडीकाठच्या गावात लग्न लागतं ते हौसाआत्याच्या आवाजावर. पेण तालुक्यातल्या आम्हा आगऱ्यांच्या लग्नात भटजी येतो आणि जातो, खरा मान धवलारणीचा, म्हणजे लग्नाचे धवले गाणाऱ्या बाईचा. हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं तिला तोंडपाठ लागतं. हौसाआत्या दिवसा मिठागरात मीठ ओढायची आणि लग्नसराईत घसा बसेस्तोवर गायची. शाळेची पायरी चढलेली नाही, पण तिचं एक कडवं चुकलेलं मी कधी ऐकलं नाही.

नवरा-नवरीला अरुंधती दाखवायचं कामही तिचंच. अंधार पडला की ती नवरीचं बोट धरायची, सप्तर्षींच्या शेपटातल्या मधल्या ताऱ्यावर, म्हणजे वसिष्ठावर न्यायची आणि म्हणायची, "त्याच्या खांद्याशी बारीक चांदनी हाय बघ. तशी नवऱ्याजवल ऱ्हा. आन नवऱ्या, तू बी जास्ती हलू नको." हे शेवटचं वाक्य तिचं स्वतःचं. मंडप हसायचा.

चौऱ्याण्णवच्या फाल्गुनात गावातल्या अनिताचं लग्न झालं. नवरा आदेश निडी गावचा, रोह्याला कंपनीत शिफ्टवर जाणारा. हौसाआत्याने बोट धरलं, वर नेलं. अनिता दहावी झालेली, तोंडाने सरळ. ती म्हणाली, "आत्ये, ती चांदनी नाय गो. तो पान्याच्या टाकीवरचा दिवा हाय."

पोरं खो खो हसली. हौसाआत्या हसली नाही. तिने डोळे बारीक केले, पदराने पुसले, पुन्हा पाहिलं. मग गाणं अर्धं टाकून घरी गेली.

आमच्याकडे जुनी माणसं मानतात की ज्याला अरुंधती दिसेनाशी झाली तो सहा महिन्यांत जातो. हौसाआत्याने बोटांवर महिने मोजले, ते भाद्रपदात येऊन थांबले. दुसऱ्या दिवशी तिने नवरा कान्हू याला सांगितलं, "गनपती पान्यात पोचवून मंग जाईन. तवर आवराआवर करू."

आणि खरंच आवरायला लागली. चांगली लुगडी जाऊ मैनाला दिली. वैशाखात किमयाचं लग्न होतं, त्यात गायची सुपारी परत पाठवली. अपशकुनी धवलारीण नको म्हणे! कान्हूसाठी दुसरी बायकोसुद्धा बघितली. "सरू एकटी हाय, भाकऱ्या बऱ्या करते." कान्हू दुसऱ्या सकाळी गुळगुळीत दाढी करून आला. ते मात्र तिला झोंबलं.

हे सगळं कळल्यावर माझं डोकं फिरलं. मोतीबिंदू आहे हे आंधळ्यालाही कळावं. तीस वर्षं भर उन्हात पांढऱ्याशुभ्र मिठाकडे बघत काम करायचं, मालक साधा काळा चष्मा देत नाही, आणि दोष म्हणे नशिबाचा! रोह्याला चैत्रात डोळ्यांचं फुकट शिबिर होतं. ते चुकलं की पावसाळ्यानंतरच. मी थेट तिच्या ओटीवर जाऊन बसलो.

"आत्ये, शिबिराला नाव घालतो तुझं."

"मरनारं मानूस डोलं कशाला कापून घेल?"

मी मिठागरातलाच गडी, सातवी नापास, पण पेणच्या वाचनालयातली पुस्तकं मी कपाटाच्या कपाटं वाचलीत. म्हटलं, "ऐक. अरुंधती म्हणजे एक पांढरा तारा आहे. आपल्या सूर्याहून जास्त तापलेला, भर उमेदीतला. तिथून निघालेला उजेड आपल्यापर्यंत यायला ऐंशी वर्षं लागतात. तू बघतेस तो उजेड तुझ्या आईच्या जन्माआधी निघालाय. त्याला तुझ्या मरणाचं काय पडलंय?"

ती म्हणाली, "ऐंशी वर्सं चालत आली आन नेमकी माझ्या डोल्याशी थांबली? म्हंजे माझंच दिस भरलं ना!"

मी तणतणत निघालो. विज्ञान माझ्या बाजूला आणि वाद ती जिंकलेली. बांधावर येईपर्यंत राग उतरला आणि डोक्यात दुसरंच शिरलं.

दुसऱ्या दिवशी काम सुटल्यावर मिठागरातली पन्नाशीच्या पुढची सगळी माणसं मी बांधावर थांबवून घेतली. चौदा जणं. हौसाआत्यालाही मैनाकरवी ओढून आणलं. अंधार पडला तसं प्रत्येकाला विचारलं, "अरुंधती दिसते?"

"दिसते की!" चौदाच्या चौदा. हौसाआत्याने तोंड फिरवलं.

मी म्हटलं, "छान. आता एकेकाने माझ्या कानात सांगा, वसिष्ठाच्या कुठल्या अंगाला?"

एकाने डावीकडे सांगितलं, दुसऱ्याने वर. पुंडलिकने "मधोमध" सांगितलं. सप्तर्षी फिरतात तशी तिची बाजूही फिरते; त्या वेळी ती खाली होती, आणि ते फक्त तिघांना जमलं. मी सगळ्यांची उत्तरं मोठ्याने सांगून टाकली. बांधावर असा गोंधळ उडाला की बगळे उठले.

शेवटी मुकादम हैबतराव, गावातला सगळ्यात रुबाबदार माणूस, मिशीवर हात फिरवत म्हणाला, "आता लपवून काय? मना आठ वर्सं झाली, नाय दिसत. लग्नात सगली दिसली दिसली बोलतान, मी पन बोलतो."

"आठ वर्सं?" हौसाआत्या त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "आन जित्ता?"

"आज दुपारी सुकटीबरोबर चार भाकऱ्या खाल्ल्या."

हौसाआत्याने त्याला खालून वर न्याहाळलं. "तू मेलासच रं हैबत. तुला कोनी सांगितला नाय फकस्त."

कान्हू हसता हसता बांधावरून घसरला आणि गुडघाभर चिखलात गेला. हौसाआत्याही पोट धरून हसली. हसायची थांबली तेव्हा तिने पदर खोचला आणि माझ्याकडे वळली. "आकरा हे, बारावी मी. बारा मुडदे रोह्याला न्यायचे तर टेम्पो सांगितलास का, का नुसतीच पुस्तकं वाचतोस?"

टेम्पो मी आधीच सांगितला होता. पण तिला बोललो नाही. एवढं तिला जिंकू दिलं.

शिबिरात बाराही जणांना सारखाच निकाल मिळाला: मोतीबिंदू. ऑपरेशनं झाली. डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून ही मंडळी रोह्याजवळ वरशाला मैनाच्या भावाकडे दोन दिवस राहिली आणि तिथेही आत्याने सगळ्यांना गाणी म्हणायला लावली. वैशाखात जाड भिंगांचे चष्मे आले. चष्मा लावून घरी आल्यावर तिने पहिल्यांदा कान्हूकडे बघितलं आणि म्हणाली, "अगो बाय, हा एवढा म्हातारा कवा झाला?" लुगडी मैनाकडून परत मागितली. किमयाच्या घरी स्वतः जाऊन सुपारी उचलली.

तरी किमयाच्या लग्नात ती दिवसभर मान खाली घालूनच गात होती. मला ठाऊक होतं, चष्मा आल्यापासून तिने वर बघितलंच नव्हतं. घाबरली होती बाई.

अंधार पडला. नवरा-नवरी अंगणात आली. हौसाआत्याने किमयाचं बोट धरलं नाही. आधी चष्मा पुसला, मान वर केली. अख्खा मंडप तिच्याकडे बघत होता.

"उजव्या अंगाला," ती हळूच म्हणाली. मग एकदम जोरात, "उजव्या अंगाला! जरा खाली! आगो, ही तर तशीच हाय!"

किमयाची आई म्हणाली, "हौसा, नवरी कवाची उभी हाय. टेम्पो थांबलाय."

"थांबू दे. माझं बघून झालं नाय आजून."

मग कुणी घाई केली नाही. तिचं पोटभर बघून झालं, तेव्हा तिने किमयाचं बोट हातात घेतलं, नेमकं त्या बारीक चांदणीवर ठेवलं आणि गळा मोकळा सोडून धवला उचलला.