तात्यांच्या रागाची संपादिका

सुलभाताई मेहेर यांची आणि माझी ओळख झाली ती त्यांनी आमच्या देवघरात केलेल्या घुसखोरीमुळे. ‘घुसखोरी’ हा शब्द माझ्या आईचा. गौरवग्रंथात तो शोभत नाही हे मला मान्य आहे, पण मूळ मजकूर सोयीसाठी गोड करू नये ही शिकवण ताईंचीच असल्यामुळे तो तसाच ठेवतो.

अंबरनाथ पूर्वेला आमच्या घरी एका दुपारी बेल वाजली. दारात खांद्याला कापडी पिशवी लावलेल्या, पांढऱ्या केसांच्या बाई उभ्या होत्या. “तुमच्याकडे तात्यांचं पत्र आहे असं कळलं. न्यायला आलेली नाही, नुसतं बघायला आलेय,” असे म्हणत त्यांनी चपला काढल्या, हातपाय धुतले आणि सरळ देवासमोर बैठक मारली. आईने चहा आणला.

“वहिनी, चहा लांब ठेवा हं. पत्रावर सांडला तर तात्यांना चालेल, मला चालणार नाही.”

ज्या वाचकांच्या हाती हा ग्रंथ मंडळाबाहेरून येईल त्यांच्यासाठी सांगतो : तात्या म्हणजे आमच्या सायंस्मरण मंडळाचे संस्थापक. बदलापूर गावात त्यांचे घर होते. दिवेलागणीला शेजाऱ्यांनी एकत्र यावे, थोडा वेळ शांत बसावे आणि मग उठून गल्लीतले एखादे अडलेले काम करावे, एवढाच त्यांचा संप्रदाय. व्याख्यान त्यांना येत नसे, किंवा येत असले तरी त्यांनी आम्हाला ते कळू दिले नाही. ते पोस्टकार्डे लिहीत. बदलापूर, वांगणी, अंबरनाथ, उल्हासनगर अशी सगळीकडे त्यांची कार्डे गेली, आणि त्यांच्या पश्चात ती घराघरांतून विखुरलेली राहिली. ती शोधून, उतरवून, ग्रंथरूपाने छापण्याचे काम ताईंनी शाळेतून निवृत्त झाल्यावर हाती घेतले. मुख्याध्यापिकेला निवृत्तीनंतर काहीतरी तपासायला लागतेच.

त्यांची कामाची रीत पक्की होती. मूळ पत्र घराबाहेर न्यायचे नाही. तिथेच बसून पेन्सिलीने उतरवून घ्यायचे. मग आपली प्रत मोठ्याने वाचायची आणि घरातल्याच कोणी मूळ पत्रावर बोट ठेवून ताडून पाहायची. मी मोबाइलवर फोटो काढून देण्याची तयारी दाखवली, तेव्हा त्यांनी फोटो आनंदाने घेतला आणि उतरवण्याचे काम तितक्याच आनंदाने चालू ठेवले. “फोटोत कुंकू दिसतं हो, कुंकवाखालचं दिसत नाही.”

हे कुंकवाचे प्रकरण जरा विस्ताराने सांगायला हवे. आमच्या मंडळात तात्यांचे पत्र देवघरात ठेवण्याचा रिवाज आहे. दर गुरुपौर्णिमेला त्याची पूजा होते, आणि गंध लावायचे ते कुठे, तर जिथे गुरूंचे नाव आहे तिथे. परिणाम असा की घरोघरी पत्राचा मायना शाबूत आणि सही गायब. कुठे तुपाच्या निरांजनाने मधल्या दोन ओळी पारदर्शक केल्या होत्या. वांगणीच्या एका घरी तर संपूर्ण पत्रातले ‘तब्येतीस जपावे’ एवढेच वाचता येत होते आणि ते कुटुंब त्यालाच मंत्र समजून रोज जपत होते. एकनिष्ठ भक्तीने एखादा ग्रंथ किती नेमाने नष्ट करता येतो, याचा इतका उत्तम नमुना संस्कृत हस्तलिखितांच्या इतिहासातही मला आढळला नाही. तिथे निदान वाळवी तरी असते.

त्या दुपारी आमचे पत्र उतरवून झाल्यावर ताई म्हणाल्या, “छान आहे. पण यात तात्या रागावलेले नाहीत.”

“ते माझ्या आजोबांवर कशाला रागावतील?” मी म्हणालो.

“ते सगळ्यांवर रागवायचे. मला पत्रं मिळतायत ती मात्र सगळी आशीर्वादाची. कुणाला ‘कल्याण असो’, कुणाला ‘सुखी राहा’. हे वाचून कुणाला वाटेल, हा मनुष्य आयुष्यभर लग्नपत्रिका लिहीत होता.”

ताईंची खरी चिंता ही होती, आणि ती वर्षागणिक वाढत गेली. पत्रे जमत होती, पण तात्या जमत नव्हते.

या काळातली त्यांची एक हकिकत सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. आईच्या डोळ्यांचे ऑपरेशन झाले आणि तिचे वाचन बंद पडले. वाचन बंद म्हणजे तिच्या लेखी जगच बंद. ती घरात कोणाशी नीट बोलेना. ताईंना कळले. दुसऱ्याच गुरुवारी त्या प्रुफांची चळत घेऊन हजर. “वहिनी, माझ्या एकटीच्याने होत नाही. मी वाचते, तुम्ही ऐका, आणि कुठे खटकलं तर मला थांबवा.” आईने पहिल्या पानावर एकदा थांबवले, दुसऱ्या पानावर चार वेळा, आणि महिनाभरात ती ताईंना वाक्य पुरे करू देईनाशी झाली. गुरुवार आला की सकाळपासून आई वेणीफणी करून बसे. ताईंना मदतीची खरोखर किती गरज होती हे मी एकदा विचारले. “खूप,” त्या म्हणाल्या, आणि त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की पुन्हा विचारण्याची सोय उरली नाही.

ग्रंथ छापायला जाण्याची वेळ आली तेव्हा प्रकाशन समितीची बैठक उल्हासनगर कॅम्प पाचमध्ये परसरामजींच्या कापडदुकानाच्या मागच्या खोलीत झाली. परसरामजी समितीचे अध्यक्ष. त्यांचे वडील तात्यांच्या पहिल्या मंडळींपैकी. मनुष्य उदार, बोलणे मोकळे, आणि ताईंना ते सिंधी रीतीने ‘अदी’, म्हणजे थोरली बहीण म्हणतात. ग्रंथाचे नाव त्यांनी ठरवले होते, ‘अमृतपत्रे’.

ताईंनी पिशवीतून जमलेल्या पत्रांची यादीही काढली नाही. नुसते म्हणाल्या, “परसरामजी, एवढ्यात छापायला नको. तात्यांचा राग अजून मिळालेला नाही.”

“अदी, ये किताब है, तक्रारपेटी थोडीच आहे? लोक देवासमोर ठेवणार. त्यात डाट-फटकार कशाला पायजे?”

“कारण ती तात्यांनी लिहिली.”

“लिहिली असेल. पण लोक देत नाहीत ना! क्या करें, घरात घुसून ट्रंका उघडायच्या?”

“तुमच्या घरात आहे का एखादं?”

परसरामजींनी पंख्याचे बटण कमी-जास्त केले. “माझ्या बाबांना? अदी, बाबांना तात्या मुलासारखं मानायचे,” ते म्हणाले, आणि नोकराला लस्सी सांगितली. लस्सी आली, पण ताईंनी ग्लासला हात लावला नाही.

“मग असं करा,” त्या उठत म्हणाल्या, “छापा. फक्त संपादक म्हणून माझं नाव घालू नका. अर्धा मनुष्य छापून त्याला तात्या म्हणायचं, हे मला जमणार नाही.”

इतक्या वर्षांची पायपीट, आणि ग्रंथावर नाव नाही. मी बाहेर रस्त्यावर त्यांना गाठले आणि समजुतीच्या चार गोष्टी सांगितल्या. त्यात दोन सुभाषितेही होती. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. “तुम्ही ग्रंथासाठी लिहिलेली प्रस्तावना वाचली,” त्या म्हणाल्या. “विद्वत्तापूर्ण आहे. पुढे छापली तर पत्रांपर्यंत कुणी पोचणार नाही, म्हणून मी ती शेवटी घातली होती. आता परसरामजी काय करतील ते बघा.” आणि त्या रिक्षात बसल्या.

पुढच्याच आठवड्यात बदलापुरात मंडळाचा वार्षिक मेळावा होता. ग्रंथाची जाहीर घोषणा तिथेच व्हायची होती आणि नमुन्यादाखल एक पत्र ताईंनी वाचायचे, असे छापील कार्यक्रमपत्रिकेत आधीच ठरून गेले होते. त्या येतील की नाही याची आम्हाला धास्ती. त्या आल्या. व्यासपीठावर परसरामजी अध्यक्षस्थानी बसलेले. ताईंनी पिशवीतून एक पोस्टकार्ड काढले. कोरे करकरीत. ना गंध, ना कुंकू, ना तुपाचा डाग. दुरूनसुद्धा सही दिसत होती.

“हे माझ्या ट्रंकेतलं,” त्या म्हणाल्या आणि वाचू लागल्या :

‘चि. सुलभा, काल संध्याकाळी तू डोळे मिटून छान बसली होतीस. तुझ्या वर्गातली दोन मुले त्या वेळी दाराबाहेर तुझी वाट पाहत उभी होती. त्यांची परीक्षा परवा आहे आणि वह्या तुझ्या घरी न तपासता पडल्या आहेत. त्या मुलांच्या हातात जाईपर्यंत तू इकडे येऊ नयेस. आलीस तर मी उठून जाईन. अशा हातांचा नमस्कार मला नको. — तात्या.’

पंच्याहत्तरीला टेकलेल्या, तीन पिढ्यांच्या मुख्याध्यापिका भर सभेत स्वतःची झाडाझडती वाचत होत्या. मग त्यांनी चष्मा काढला. “मी त्या रात्री रडले. दुसऱ्या दिवशी वह्या तपासल्या. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत माझ्या वर्गाची वही घरी शिळी राहिली नाही. मंडळी, तात्यांचे आशीर्वाद मला पुष्कळ मिळाले. त्यांचं काय झालं मला आठवत नाही. हे मात्र लागू पडलं.”

आधी कोणीतरी मागे खुदकन हसले. मग टाळ्या सुरू झाल्या. त्या टाळ्या अजून चालू असतानाच परसरामजी खुर्चीतून उठले आणि माइककडे आले. त्यांच्या हातात काही नव्हते. घरातले पत्र त्यांना पाठ होते.

“बाबांनी तात्यांना मखमली खुर्ची पाठवली होती,” ते म्हणाले. “तात्यांनी हातगाडीवरून वापस पाठवली. सोबत कार्ड. लिहिलं होतं, ‘तुझ्या दुकानात पोरे दिवसभर उभी असतात. आधी त्यांना बसायला स्टुले आण. मग मी येईन आणि त्यातल्याच एकावर बसेन.’” त्यांनी माइक जवळ ओढला. “आमच्या दुकानात आजही हर एक मुलाला स्टूल आहे. लोक म्हणतात, तुमचे बाबा किती दयाळू. मी म्हणतो, हां, होते. कार्ड कपाटात ठेवलं. वाटलं, बाबांची इज्जत जाईल.”

“तात्या आले का मग?” खालून कोणीतरी ओरडले.

“आले ना! बसले, कुल्फी खाल्ली, दुसरी मागितली!”

सगळे सभागृह हसत होते आणि परसरामजी डोळे पुसत होते. ताईंकडे वळून ते म्हणाले, “अदी, ते कार्ड उद्या घेऊन जा.”

“मी नेत नाही,” ताई म्हणाल्या. “तिथे येऊन उतरवते.”

त्यानंतर जे झाले ते आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. ट्रंका उघडल्या. गाद्यांखालून, पत्र्याच्या डब्यांतून, कपाटाच्या कागदाखालून तात्यांचा राग बाहेर येऊ लागला. आणि ही सगळी पत्रे कशी, तर काल लिहिल्यासारखी! आशीर्वादांना आम्ही पुजून पुजून पुसले होते. कानउघाडण्यांना लाजेने लपवले म्हणून त्या अक्षरशः वाचल्या. सासूला वेगळे वाढणाऱ्या सुनेला एक पत्र, विहिरीचे पाणी अडवणाऱ्याला एक. मंडळाच्या सचिवांना तर तीन. ग्रंथाचे नाव बदलून साधे ‘तात्यांची पत्रे’ झाले, संपादक म्हणून ताईंचे नाव छापले गेले आणि माझी प्रस्तावना शेवटीच राहिली. हल्ली मंडळात नवीच चुरस आहे : ज्यांच्या घरी फक्त आशीर्वाद आले ते जरा खालच्या मानेने वावरतात. आमच्या आजोबांना तात्यांनी एकदाही झापले नाही, याची खंत आईला अजून आहे.

ग्रंथ निघाल्यावर ताई तो घेऊन बारवीकडच्या एका पाड्यावर गेल्या, तेव्हा मीही बरोबर होतो. तिथल्या ढाकूबाई खूप म्हाताऱ्या आहेत; तात्यांच्या अंगणात अगदी सुरुवातीला बसलेल्यांपैकी आता त्याच एक उरल्या आहेत. त्यांना वाचता येत नाही, म्हणून ताईंनी ओटीवर बसून वाचायला घेतले. सुरुवातीला काही आशीर्वादाची पत्रे झाली. ढाकूबाई भिंतीला टेकून पेंगत होत्या. सून म्हणाली, “ताई, म्हातारीला झोप लागली, ऱ्हाऊ द्या आता.” ताईंनी पान उलटले आणि पाणी अडवणाऱ्याचे पत्र काढले. ‘विहीर तू खणलीस, पाणी तू केलेस काय?’ एवढे पहिले वाक्य त्यांच्या तोंडून गेले, आणि ढाकूबाई ताठ बसल्या. बोळक्या तोंडाने हसत त्यांनी सुनेला कोपराने ढोसले.

“आयकलास? आला गं! आता आला तात्या!”

ताईंनी पुस्तक मिटले नाही; चष्मा पुसला आणि तेच वाक्य पुन्हा वाचले. त्यांना कोणी पुरस्कार देताना मी पाहिले आहे. तेव्हा त्यांचा चेहरा असा झाला नव्हता.

ताईंना पंच्याहत्तरावे वर्ष लागले आहे. वयाने लहान असल्यामुळे त्यांना आशीर्वाद देण्याचा अधिकार मला नाही, तेव्हा वरच्याकडे मागणेच मागतो. त्यांचे पाय पाड्यापाड्यांवर चढते राहोत, डोळे पेन्सिलीची ओळ वाचते राहोत, आवाज असाच खणखणीत राहो आणि शंभरी सुखाने ओलांडून त्या पुढे चालत राहोत. आणि आम्हा सर्वांच्या वाट्याला अधूनमधून त्यांचे एखादे खरमरीत पत्र येवो. ते आम्ही पूजेत ठेवणार नाही.