बिंबाची फुटकी कुंडी

रविवारी संक्रांतीला लडकू आला नाही तर बिंबाला काय सांगायचं, हे आज दिवसभर माझ्या डोक्यातून जात नाही. बिंबा माझी थोरली. सासऱ्यांच्या आजारपणामुळे तिचा दिवाळसण राहून गेला, त्यामुळे लग्नानंतर माहेरी ती आता पहिल्यांदाच येते आहे. गाडीतून उतरल्यावर ती आधी मला नाही, लडकूला शोधेल.

लडकू कर्जत स्टेशनात अठ्ठावीस वर्षं गाड्यांचे रूळ बदलणारा सांधेवाला होता. उंचीनं बेताचा, निळ्या कोटाची बटणं उन्हाळ्यातही गळ्यापर्यंत लावलेली. विजेचं इंजिन पहिल्यांदा आलं तेव्हा सगळं स्टेशन बघायला लोटलं होतं. लडकू मात्र पाठ फिरवून सांध्याचा दांडा धरून उभा. "समदेच इंजिन बघाया लागले तर रूळ कोन बघंल?" म्हणाला.

बिंबाला रूळ ओलांडून शाळेत पोचवायचं काम त्यानं आपणहून अंगावर घेतलं. तिनं त्याचं बोट सोडायचं नाही आणि त्यानं तिला रोज एक खोटी गोष्ट सांगायची, असा त्यांचा करार होता.

गेल्या वैशाखात तिचं लग्न झालं आणि त्याच महिन्यात लडकू नोकरी संपवून नेरळजवळच्या कळंबला आपल्या घरी गेला. सासरी निघताना बिंबानं आपली गुलाबाची कुंडी त्याच्या हातात ठेवली. माझ्या हाती दिली नाही, कारण झाडांच्या बाबतीत माझी कीर्ती तिला ठाऊक आहे.

"लडकूमामा, मी येईन तेव्हा मला याचं फूल पाहिजे."

"दिलं," तो म्हणाला.

लडकूनं जन्मात भाताखेरीज काही लावलं नव्हतं. श्रावणात गुलाबाची पानं पिवळी पडली, भाद्रपदात त्यांच्यावर काळे ठिपके आले, दसऱ्याला नुसत्या चार काटक्या उरल्या. मधूनमधून तो कर्जतला येई आणि धोतराच्या सोग्यात बांधून आणलेलं एखादं पान वैद्याला दाखवावं तसं मला दाखवी. कॉलेजात मी वनस्पतिशास्त्राचं एक पुस्तक वाचलं होतं, तेवढ्या भांडवलावर मी सांगत असे: ऊन दाखव, शेणखत घाल, फांद्या छाट.

छाटायला मात्र तो तयार नव्हता. "तायनं चार फांद्या दिल्या नि मी दोन परत करू?"

दिवाळीनंतर मीच कळंबला गेले, तर अंगणात धूर. आमच्या भागात पेरणीआधी रोपांच्या जागेवर टहाळ, शेण, पाचोळा पसरून जमीन भाजतात, त्याला राब म्हणतात. लडकूनं झाड उपटून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवलं होतं आणि कुंडीतली माती अंगणात पसरून तिच्यावर राब पेटवला होता.

त्याची बायको कोंडी ओट्यावर बसून बघत होती. "बघा बाई, टोपलीभर शेत नि गावभर धूर."

"तू गप गं. भाजल्याबिगर माती कामाची नाय."

माती निवली. ती भरायला मदत म्हणून मी रिकामी कुंडी उचलली आणि आत हात घातला. तळ गुळगुळीत लागला.

"लडकू, हिचं भोक कुठं गेलं?"

त्यानं कोंडीकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "बाई, तायला नका सांगू. कुंडी फुटकी व्हती. लग्नाच्या गडबडीत पोरीच्या ध्यानात आलं नसंल. मी पैल्याच दिशी डांबर घालून बुजवलं."

सहा महिने त्यानं बिंबाची चूक पोटात ठेवली होती, आणि सहा महिने गुलाब पाण्यात उभा होता.

"अरे, ते भोक मुद्दाम ठेवतात. पाणी निघून जायला."

"पानी निघून गेल्यावर रोप जगंल कसं?"

"भात नाही रे तो."

कोंडी पदर तोंडात धरून हसायला लागली ती थांबेचना. लडकू हसला नाही. खिळा आणून तो डांबर खरवडत बसला आणि एवढंच म्हणाला, "म्हंजे मीच बुडवला त्याला." त्या दिवशी त्यानं मुकाट्यानं फांद्याही छाटल्या.

आज कोंडी बाजाराला आली होती. मी झाडाचं विचारलं.

"तांबडे तीन फुटवे आल्यात. एकाला गुंजेएवढी कळी हाय."

"मग छानच की."

"कसलं छान? फुलाचा सबूद दिलाता, कळी घेऊन कसा जाऊ, म्हनतोय. रविवारी वालाच्या शेतात लपून बसनार हाय, एवढा थोरला बाप्या."

"तू घेऊन ये कुंडी."

"मला हात लावू देतोय व्हय? थंडी लागंल म्हनून माजी घोंगडी घातलीया तिला."

तेव्हा मी हसले, पण नंतर चैन पडेना. बिंबाच्या प्रत्येक पत्रात "लडकूमामा बरा आहे ना?" असतं. गुलाबाचं तिनं एकदाही विचारलेलं नाही. कदाचित ती विसरलीही असेल. हे त्याला सांगण्याची सोय नाही, तो कायमचाच रुसेल.

मग सुचलं. बिंबा "मी येईन तेव्हा" म्हणाली होती. कुठं येईन, ते म्हणाली नव्हती. रविवारी लडकूनं कळी घेऊन यावं. चार-आठ दिवसांनी कळी उमलली की मी बिंबाला कळंबला घेऊन जाईन आणि फूल ती त्याच्या अंगणात बघेल. शब्द मोडला कुठं?

लडकू रोज सकाळी पहिल्या गाडीला दूध घालायला नेरळ स्टेशनात येतो. तिथं टेलिफोन आहे, आणि इथं कर्जत स्टेशनातही आहे. आमचे हे इथंच असिस्टंट स्टेशनमास्तर आहेत. जेवताना मी विषय काढला.

"टेलिफोन गाड्यांसाठी असतो, गुलाबांसाठी नाही," हे म्हणाले. मग ताक पिऊन झाल्यावर म्हणाले, "सकाळी सहाला माझी ड्यूटी आहे. सव्वासहापर्यंत लाइन मोकळी असते."

कर्जतला आल्यापासून अठरा वर्षांत मी त्या यंत्राला हात लावलेला नाही. तिकडे लडकूही बहुधा वहाणा काढूनच त्याच्यासमोर उभा राहील. उद्या सव्वासहाच्या आत मी नेरळला टेलिफोन करणार आहे.