हालकुडे सरांची बरणी

आमच्या गावच्या बाजारात एखाद्या पोरीनं भाजीवालीला "ताजी आहे हे कशावरून?" असं विचारलं, की भाजीवाली पेंडी खाली ठेवून म्हणायची, "हालकुडे सरांच्या कालिजात हायस का गं तू?"

उदगीरहून देगलूरकडं जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव. कॉलेज लहान. शास्त्र शाखेच्या शेवटच्या वर्षाला बारा पोरं असली तरी प्राचार्य पेढे वाटायचे. त्या कॉलेजात गुरुपादप्पा हालकुडे सर रसायनशास्त्र शिकवायचे. त्यांचं घर आणि आमचं घर एकाच अंगणात, मधे कुडाची भिंत. त्यांच्या घरातलं भांडण ऐकायला आम्हाला कान लावावा लागत नसे.

अंगानं किरकोळ माणूस. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, सदऱ्याला आम्लानं पडलेली भोकं. ती भोकं उमाबाई, म्हणजे त्यांची बायको, शिवत बसायची आणि म्हणायची, "प्राध्यापकाला दिली म्हणून बापानं गावभर सांगितलं. नवरा निघाला लोहारापेक्षा जळका."

नांदेडच्या एका मोठ्या कॉलेजनं सरांना दोनदा बोलावलं होतं. सर गेले नाहीत. कारण विचारलं की म्हणत, "तिथं शिकवणारे हायत की."

शिकवायचे म्हणजे काय, तर पोरांच्या अंगात संशय भरायचे. पुस्तकात आहे म्हणून, मी म्हणतो म्हणून काही खरं धरू नका. स्वतः करून बघा. पोरं शहाणी नसतात, ती घरी जाऊन करून बघत. आमच्या दूधवाल्याच्या पोरानं भर रस्त्यात, गिऱ्हाइकांच्या देखत, बापाच्या कॅनमध्ये दूध तपासायची काचेची नळी सोडली. दूधवाला तरातरा अंगणात आला. "सर, पोराला शिकवा म्हणलं होतं. धंदा बुडवा न्हवतं म्हणलं!"

सरांनी त्याला आत बसवून चहा दिला. उमाबाईनं दूध त्याच्याच कॅनमधलं घातलं. त्यानं एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि कॅन उचलून निघाला.

ब्याऐंशीच्या ऑगस्टात लातूर जिल्हा झाला. आमचं गाव उस्मानाबादेतून लातुरात आलं, मारुतीच्या पारावर गुलाल उधळला गेला, आणि त्याच साली आमच्याकडं पावसानं पाठ फिरवली. फेब्रुवारीत विहिरीचा तळ दिसायला लागला. टँकर तिसऱ्या दिवशी यायचा, बोअरचं खारट पाणी घेऊन. डाळ शिजायची नाही त्यात. बाया रांगेत म्हणायच्या, "जिल्हा आला आन् पाणी गेलं."

मार्चमध्ये विद्यापीठाचं पत्र आलं. प्रयोगशाळेत पाणी नसेल, तर रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिक परीक्षेचं केंद्र नांदेडला हलवावं लागेल. बाहेरचे परीक्षक येऊन बघतील आणि ठरवतील. पत्त्यात अजून "जिल्हा उस्मानाबाद" होतं. सरांनी आधी लाल पेनानं ते खोडून "लातूर" केलं आणि मग पत्र वाचलं.

प्राचार्यांना गावाच्या नाकाची काळजी. सरांना काळजी सिंधुची.

सिंधु ही केरबाची पोरगी. केरबा रोजगार हमीच्या तलावावर माती उपसायचा. त्याच्या घरात शेवटच्या वर्षापर्यंत पोचलेली ती पहिलीच, आणि वर्गात सगळ्यात हुशार. परीक्षा दोन दिवसांची, म्हणजे नांदेडला मुक्काम आला. सर सायकल हाणत तलावावर गेले. केरबानं टोपली खाली ठेवली, पण मान खाली घातली नाही.

"सर, हितं परीक्षा असंल तर देईल की ती. नांदेडला न्हाई धाडणार."

"अरे, तीन वर्षं शिकलीय ती."

"बैशाखात सोयरीक हाय तिची. परक्या गावात पोरगी राहिली म्हणलं की सोयरे तोंड फिरवतेत. तुमाला पोरगी न्हाई, तुमाला काय कळावं?"

हे खरं होतं. सरांना मूलबाळ नव्हतं. ते परत आले आणि परसातल्या अंघोळीच्या बंबाकडं बघत उभे राहिले.

प्रयोगाला साधं पाणी चालत नाही. वाफ करून, ती थंड करून गोळा केलेलं शुद्ध पाणी लागतं. कॉलेजातलं यंत्र त्यासाठी घागरीमागून घागरी खायचं. सरांनी घरचा तांब्याचा बंब घेतला, झाकणात नळी बसवली, फटी कणकेनं लिंपल्या आणि नळीची दुसरी बाजू काचेच्या थंड नळकांड्याला जोडली. पोरांनी घरून जळणाला तुऱ्हाट्या आणल्या. नळकांडं थंड करणारं पाणी वाया जाऊ द्यायचं नाही, असा उमाबाईचा हुकूम. ते आधी सरांच्या नळकांड्यावरून फिरायचं, मग घरच्यांच्या अंगावरून, मग भांड्यांवरून, आणि शेवटी बेलाच्या झाडाला.

सिंधुला घ्यायला आलेल्या केरबानं हा खटाटोप पाहिला आणि हसून म्हणाला, "सर, कणकेनं लिंपलेली हातभट्टी? पोलीस धरतेत की!"

"घे, चाखून बघ," सर म्हणाले.

घरच्या वापरातून उरेल तेवढ्याच पाण्यावर बंब पेटायचा, त्यामुळं थेंब थेंब जमा करायला पंधरा दिवस लागले. ठेवायला मोठं काचेचं भांडं नव्हतं, म्हणून उमाबाईनं लोणच्याची बरणी रिकामी केली. राखेनं धुतली, सोड्यानं धुतली, सरांच्या शुद्ध पाण्यानं तीनदा विसळली. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी सरांनी त्यातलं पाणी तपासलं. नितळ. क्षाराचा मागमूस नाही. बरणी भिंतीतल्या देवळीत ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर परीक्षकांना आणायला बसथांब्यावर गेले, उमाबाई टँकरच्या रांगेत. घरी सरांची आई मल्लम्मा एकटी. तेवढ्यात दारात जंगम स्वामी आले, बरोबर दोन चेले. लिंगायताच्या दारात स्वामी आले आणि पाणी मागितलं तर घरात असेल त्यातलं उत्तम द्यायचं. मल्लम्मानं हंड्यात बघितलं, ते गढूळ. देवळीत बघितलं, तर काचेसारखं स्वच्छ. तिनं बरणी उतरवून तिघांना पोटभर पाजलं.

"चव न्हाई गं याला," स्वामी म्हणाले.

"चव कुठून येणार स्वामी, दुष्काळ हाय," मल्लम्मा म्हणाली. मग बरणी अर्धी दिसली तर पाहुण्यांपुढं लेकाचं हसं होईल, म्हणून तिनं हंड्यातलं पाणी दुहेरी फडक्यानं गाळून बरणी काठोकाठ भरली. मी हे सगळं अंगणात धान्य निवडता निवडता पाहिलं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

नऊ वाजता कॉलेजचा शिपाई बरणी घेऊन गेला. पुढचं मला सिंधुनं सांगितलं.

प्रत्येकाला कागदाच्या पुडीत एकेक पांढरी पूड दिलेली. ती कशाची, ते ओळखायचं. पूड पाण्यात विरघळवायची आणि सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकायचे. नळीत दह्यासारखं पांढरं आलं, तर त्यात क्लोराईड, म्हणजे आपल्या खायच्या मिठात असतं ते. पहिल्या टेबलावर पांढरं आलं. दुसऱ्यावर आलं. बाराही टेबलांवर आलं. परीक्षक चष्म्यावरून बघत म्हणाले, "तुमच्या गावात मिठाशिवाय दुसरं काही पिकत नाही का?"

हालकुडे सरांचा चेहरा उतरला. पण परीक्षेत सरांना बोलायची मुभा नव्हती.

सिंधुनं दुसरी स्वच्छ नळी घेतली. पूड घातलीच नाही. नुसत्या पाण्यात दोन थेंब टाकले. पांढरं. तिनं हात वर केला.

"सर, पाण्यातच क्लोराईड हाय."

परीक्षक म्हणाले, "बाई, विद्यापीठाच्या परीक्षेत पाणी चुकत नसतं. उत्तर चुकत असतं."

"कशावरून, सर?" सिंधु म्हणाली.

तिच्या तोंडून ते गेलं आणि तिनं जीभ चावली. परीक्षक तिच्या टेबलाशी आले, नळी स्वतः विसळून त्यांनी स्वतः थेंब टाकले. बघितलं. मग मागं वळले.

"हालकुडे, हे तुमचं शुद्ध पाणी?"

"माझंच, सर. घरच्या बंबातलं. काल संध्याकाळी तपासलं तेव्हा चोख होतं. आज सकाळी पुन्हा तपासायला पाहिजे होतं, ते मी तपासलं न्हाई. पोरांची चूक न्हाई, माझी हाय."

"मग ही परीक्षा कशी धरायची? नांदेडलाच घ्यावी लागेल."

तरी सिंधु बोलली, "सर, माझ्या पुडीत क्लोराईड न्हाई. नायट्रेट हाय."

"पाणी खराब आहे म्हणतेस आणि उत्तर पण देतेस?"

"ही पाण्याची कसोटीच न्हाई, सर. कोरडी हाय." तिनं चिमूटभर पूड कोरड्या नळीत घेतली, तांब्याचा तुकडा टाकला, तीव्र आम्ल घालून नळी तापवली. तपकिरी धूर वर आला. हालकुडे सरांच्या वर्गात पाण्याला हात लावायच्या आधी कोरड्या कसोट्या करायचा नेम होता. पोरं त्याला कंटाळायची.

परीक्षक टेबलाटेबलावरून फिरले, पोरांचे कच्चे कागद बघत. बारापैकी नऊ जणांनी कोरड्या कसोटीवरून बरोबर उत्तर आधी लिहिलं होतं. नंतर पाण्यात पांढरं दिसलं म्हणून खोडलं होतं. परीक्षक खुर्चीवर बसले.

"आजचे गुण कोरड्या कसोट्यांवर देतो," ते म्हणाले. "उद्या मात्र पाणी चोख पाहिजे, हालकुडे. नसलं तर माझा इलाज नाही."

दुपारी उमाबाई माजघरात बसून रडत होती. "मीच नीट धुतली न्हाई. लोणच्याचं मीठ राहिलं बरणीत."

मल्लम्मा बाहेर आली. "लोणच्याचं कशाला? स्वामींनी पाणी पिलं, मी वरून हंड्यातलं घातलं. गाळून घातलं हं, दुहेरी फडक्यानं!"

उमाबाईनं तोंड उघडलं. त्यातून काय निघणार होतं हे मला कुडाच्या अलीकडून कळलं. सरांनी हातानंच तिला थांबवलं. "अव्वा, बरं केलंस. तहानलेल्याला पाजलंस." मग सदऱ्याच्या बाह्या वर सारून ते बंबाकडं गेले.

बंब पेटला, पण घरात पाणी एक घागर. संध्याकाळ व्हायला आली तेव्हा अंगणात सायकल वाजली. केरबा. हँडलला दोन घागरी, मागं तुऱ्हाट्यांचा भारा. तलावाच्या खड्ड्यात झरा लागला होता. तिथलं पाणी त्यानं रांगेतल्या बायांशी भांडून आणलं होतं.

"सिंधीनं सांगितलं समदं," तो म्हणाला. "परीक्षकाला तोंडावर विचारलं म्हणं तिनं, कशावरून?"

"विचारलं," सर म्हणाले.

"मला तर रोजच विचारती." त्यानं घागरी उतरवल्या आणि बरणीशेजारी मांडी ठोकून बसला. "लावा भट्टी. मी रातभर हलत न्हाई हितून. स्वामी येवोत न्हाईतर कलेक्टर, थेंब देणार न्हाई."

"माझ्या दारात बसून स्वामींना न्हाई म्हणतोस?" मल्लम्मा कडाडली.

"आज्जी, स्वामींना मी माझ्या घरी न्हेऊन पाजतो. पर हे माझ्या पोरीचं हाय."

मल्लम्मानं त्याला भाकरी आणून दिली.

दुसऱ्या दिवशी बारा नळ्यांत ज्याला जे दिसायला हवं तेच दिसलं. केंद्र गावातच राहिलं. सिंधु पहिल्या वर्गात पास झाली, आणि वैशाखातली सोयरीक केरबानं स्वतःच पुढं ढकलली. सोयरे विचारायला आले तेव्हा मी केरबाच्या अंगणातच होते.

"पोरगी औरंगाबादला शिकायला चाललीय," तो त्यांना म्हणाला. "दोन वर्षं तिथंच राहणार हाय. थांबत असाल तर बसा, चहा टाकाय लावतो."