यमुनाबाईंच्या वर्गाचा पुरावा शोधायला सोलापूरला

इंटरनेटवरच्या ज्ञानकोशातला माझा एक लेख काढून टाकायची सूचना आली, आणि दोन दिवसांनी मी आईला घेऊन पुण्याहून सोलापूरच्या गाडीत बसले.

लेख होता यमुनाबाईंवर. सोलापुरात बिडी वळणाऱ्या बायकांसाठी त्यांनी वर्षानुवर्षं अक्षरओळखीचा वर्ग चालवला. माझी आई त्याच वर्गात लिहायला शिकली. पण "आईनं सांगितलं" हा काही संदर्भ होत नाही. एका संपादकानं खाली लिहिलं होतं, 'कोणालाही तपासता येईल असा पुरावा आठ दिवसांत द्यावा.' शोधता शोधता सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका जुन्या वाचनालयाच्या संकेतस्थळावर कागदपत्रांची यादी सापडली. तिची फक्त पहिली काही पानं तिथे होती. पुढची पाहायची तर जाणं भाग होतं.

सकाळची गाडी घ्या. चारेक तासांत पोचता, आणि जेऊर-कुर्डुवाडीकडचं मोकळं रान उजेडात दिसतं. कुर्डुवाडी आली तशी आईची भाषा बदलली. "आता हाय आपलं गाव जवळ," म्हणाली आणि केस नीट करायला लागली. स्टेशनबाहेर कडक भाकरी, शेंगाचटणी खाल्ली. वाचनालयापर्यंत शेअर रिक्षा मिळते.

यादी केली होती तिथल्या नरसय्यांनी, आणि त्यांनीच ती आमच्यापुढे ठेवली. आयुष्यभर मागावर टॉवेल विणलेला माणूस. काम सुटल्यावर वाचनालयाच्या कपाटातले कागद झटकत, वाचत सहा वर्षं बसले. प्रत्येक गठ्ठ्याला क्रमांक, आत काय आहे, किती पानं, कशाला वाळवी लागलीय, सगळं वळणदार अक्षरात. अकराव्या गठ्ठ्यापुढे लिहिलं होतं: 'यमुनाबाईंचा बिडी कामगार स्त्रियांचा वर्ग. हजेरीची तीन पुस्तकं, पत्रं. कागद ठिसूळ, हाताळू नये.'

मी ती ओळ दोनदा वाचली.

"माझं नाव आसंल की त्यात," आई म्हणाली.

"असंल अक्का," नरसय्या म्हणाले. "पण उघडलं तर तुकडे होतील. दुरुस्ती झाली की तुमाला पहिलं बोलावतो."

म्हणजे लेखात हजेरीपुस्तकांचा हवाला देता येणार नव्हता, मी ती पाहिलीच नव्हती. यादीचा देता येणार होता, तोही यादी सांगते तेवढ्यापुरता. असं काम करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा: यादीचं नाव, वाचनालय, गठ्ठ्याचा आणि पानाचा क्रमांक लिहा, आणि यादी कोणी केली तेही.

"काका, तुमचं पूर्ण नाव सांगा," मी म्हणाले.

ते यादी मिटायला लागले. "माझं कशाला? मी सातवी शिकलेला. वाचनालयाचं टाका."

आई मध्ये पडली. "सहा वर्सं तुमी लिवलंय न्हवं अण्णा? मग नाव दुसऱ्याचं का म्हणून?"

नरसय्यांनी चष्मा काढून पुसला. मग माझ्या वहीत नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं सावकाश लिहून दिलं. मी नरसय्यांकडे पाहत होते, आणि आईकडे. दोघांचाही एवढा अभिमान मला क्वचितच वाटला असेल.

पुण्याला परतल्यावर मी लेखातली दोन वाक्यं गाळली, कारण यादी त्यांना आधार देत नव्हती. उरलेल्यांखाली संदर्भ जोडला, नरसय्यांच्या नावानं सुरू होणारा. दोन दिवसांनी त्या संपादकानं सूचना काढली आणि विचारलं, 'अशी यादी आणखी कुठे आहे का?'

मी नरसय्यांना फोन करून हे सांगितलं. ते म्हणाले, "दुसरं कपाट कालच उघडलंय. पहिल्या पानावर यादी करणाऱ्याचं नाव घातलंय या वेळी."