वास आला म्हणजे काम झालं

आचोळ्याचा काळूराम वीस वर्षं लोकांच्या किचनमध्ये झुरळं मारतोय, आणि इतक्या वर्षांत त्याने एकदाही तोंडाला मास्क लावला नाही. येडा नाहीये तो. मास्क बघितला की बाई दारातच विचारते, "एवढं डेंजर आहे का हो?" आणि काम गेलंच. म्हणून उघडं तोंड, उघडे हात, वर हसून सांगायचं, "काय नाय होत मॅडम, मला बघा ना, धडधाकट!"

औषध कसं चालतं तेही तो ऐटीत समजवायचा. "झुरळाच्या नसेत शिरतं. नस शांतच होत नाय. पाय थरथरतात, मग डायरेक्ट उताणा."

एव्हरशाईन सिटीतल्या एका सोसायटीत झुरळं परत दिसायला लागली. सेक्रेटरी सरोजिनी मॅडमचा फोन. काळूरामने पंपात एका झाकणाऐवजी दोन झाकणं औषध टाकलं. पुढे तीन. वास असा सुटला की मॅडम खूश. कमजोर झुरळं मेली. जी पचवून उरली त्यांचीच पोरं सिंकखाली वाढली, आईबापासारखी दणकट.

इकडे घरी काळूरामचा चहा बशीत सांडायला लागला.

"हात का थरथरतोय तुमचा?" बायको रंभाने विचारलं.

"काय नाय."

"उताणे पडायच्या आधी डॉक्टरकडे चला."

डॉक्टर म्हणाला, "औषधाला तुमची नस आणि झुरळाची नस सारखीच. आत्ता जपलंत तर हात सुधारेल बहुतेक. नाहीतर अवघड आहे."

पुढच्या खेपेला काळूराम पंप घरी ठेवून गेला. मास्क, ग्लोव्हज, हातात दुसऱ्या जातीच्या औषधाची, झुरळांनी चाटून मरायची जेल. फटीफटीत बारीक ठिपके लावले. वास शून्य.

"हे काय? वासच नाही!" मॅडम भडकल्या. "आणि तोंड का बांधलंय? घातक आहे का?"

"आधीचं होतं. तुम्ही बेडरूममध्ये बसायचात मॅडम, ओट्याखाली मी असायचो."

"पण आधी नाही बांधलंत कधी?"

"झुरळं दर दोन-चार महिन्यांनी नवी पिढी काढून सुधारतात. मला ही एकच पिढी मिळालीय."

मॅडमनी आधी दार लोटलं. मग हळूच म्हणाल्या, "ते खरं हो. पण वास नसेल तर मेंबर मला खातील. तुमचा पंपच बरा होता."

पंप म्हटल्यावर काळूरामने "वासच हवाय ना?" म्हणत बादली मागितली. किचनपासून लांब, खालपासून वरपर्यंत जिन्यावर फिनेल मारलं. मेंबर नाक दाबून उतरले आणि म्हणाले, "आता कसं, काम झाल्यासारखं वाटतं!"

महिन्याभरात झुरळं कमी झाली. सगळं श्रेय फिनेलला. काळूरामने घेऊ दिलं.

रंभा अजून त्याचा कप अर्धाच भरते. परवा त्याने तो न सांडता ओठाला लावला आणि लगेच ओरडला, "भर की गं पुरा! कंजूष कुठली!"