नमुन्याची खिडकी

रक्ताच्या काउंटरवर किस्से होत नाहीत. सुई टोचली, कापूस दाबला, माणूस गेला! किस्से साचतात ते माझ्या खिडकीवर. इथे संडासचा नमुना द्यायचा असतो आणि लाजेपोटी माणूस बोलत सुटतो. हैदराबादेत आबिड्सच्या एका लॅबमध्ये मी वर्षानुवर्षं ही बडबड ऐकतोय. खरं सांगतो, कान किटलेत.

माझ्याकडे जास्त येतात ते आतड्याला जुनी सूज असलेले पेशंट. त्यांची कॅलप्रोटेक्टिन नावाची टेस्ट असते. सूज जितकी जास्त, तितका आकडा मोठा. उतरला तर सुटलात, चढला तर पुन्हा दुर्बीण, पुन्हा स्टिरॉइड. बिचारे त्या आकड्यावर जीव टांगून असतात.

नमुना लागतो वाटाण्याएवढा. डबीसुद्धा आम्हीच देतो. तरी गौलीगुड्याचे एक शेटजी जेवणाचा स्टीलचा डबा भरून घेऊन आले! म्हणाले, "इत्ती दूर से आया साब, थोडा कैसा लाता?"

मी हवा तेवढा घेतला आणि डबा टाकून द्यायला निघालो. शेटजी ओरडले, "डब्बा वापस देओ! सेट का है!"

एका साहेबांनी होम कलेक्शन मागवलं. जामबागला त्यांच्या घरी गेलो. साहेब बाथरूममध्ये, मी हॉलमध्ये. एक चहा झाला, दुसरा झाला, बाईंनी पोरांचे शाळेतले फोटो दाखवून संपवले. शेवटी आतून आवाज आला, "साब, आप जरा रोड पे जाके ठैरो ना. शरम आ री!"

उन्हात जाऊन उभा राहिलो. नोकरी आहे, काय करता!

या टेस्टच्या आधी दुखण्याच्या गोळ्या चालत नाहीत, त्याने आकडा उगाच चढतो. गुडघेदुखीवाल्या एका चाचांना हे मी परत परत बजावलं. तरी आकडा आला भला मोठा आणि डॉक्टरांचा फोन मलाच. चाचांना विचारलं, "गोली खाए क्या?"

"तौबा! एक बी नई खाया."

"सच्ची?"

"हौ मियाँ. तुम गोली नक्को बोले, मैं सुई लगा लिया!"

घरी तरी काय वेगळं? दारात पाऊल टाकलं की बायको म्हणते, "आधी हात!" हात लॅबमध्ये धुतलेले असतात. वाद घालायचा कंटाळा येतो, पुन्हा धुतो.

आणि आमचे दादाराव. नांदेडकडचे, इथे बसडेपोत मेकॅनिक. पोरगी सुजाता कॉलेजात. दोन वर्षं तिचं आतडं काही शांत होत नव्हतं. औषधं बदलून झाली होती. डॉक्टरांनी तिला एकटीला बसवून सांगितलं होतं, या वेळी आकडा उतरला नाही तर ऑपरेशनचं बघावं लागेल. हे तिने खिडकीवर मला सांगितलं, बापाला मात्र यातलं काही कळू दिलं नव्हतं.

रिपोर्ट मीच तिच्या हातात दिला. आकडा मागच्यापेक्षा दुपटीहून जास्त होता. मला तिच्याकडे बघवेना. तेवढ्यात दादारावांनी तिच्या खांद्यावरून कागदात डोकावलं.

"वाढला की!" ते ओरडले आणि धावत समोरच्या मिठाईच्या दुकानात गेले.

मी त्यांना थांबवायला उठलो. सुजाता म्हणाली, "काका, बसा."

दादाराव पेढ्यांचा बॉक्स घेऊन आले. रिसेप्शनच्या मॅडमला दिला, वॉचमनला दिला, रांगेतल्या अनोळखी पेशंटना दिला. मग माझ्या खिडकीशी आले. डोळे भरून आले होते.

"साहेब, धाकट्याला डेंग्यू झाला तवा प्लेटलेट अशाच वाढल्या बघा! दोन दिवसांत पोरगं उठून बसलं!"

सुजाताने बॉक्समधला एक पेढा उचलला, अर्धा बापाच्या तोंडात घातला आणि अर्धा खिडकीतून माझ्यापुढे धरला.

"घ्या ना काका. तोंड गोड करा!"